बाबांच्या धोट्याची मूठ

वामन, तुझ्या मनगटातली दोरी नर्सने कात्रीने कापली. आधी ती गाठ सोडवत बसली होती. मी म्हटलं, ती कोष्ट्याची गाठ आहे, सुटायची नाही, कापा. मग तिने कापली आणि तुझी गरी माझ्या हातात दिली, विसरलेली छत्री द्यावी तशी. पुढचा अर्धा बांबू तुझ्या मासे धरायच्या जोडीदाराने, जब्बारभाईने, तलावावरच जोडातून उपसून काढला होता, मुठीकडचा अर्धा तुझ्या हाताला लटकत आला. धंतोलीच्या दवाखान्यात लोक डबा घेऊन येतात, थर्मास घेऊन येतात. मासे धरायची काठी घेऊन भिंतीला टेकलेली म्हातारी त्यांनी पाहिली नसेल. येणारे जाणारे माझ्याकडे बघत होते. संध्याकाळच्या आत तू गेलास, तेव्हाही ती माझ्याच हातात होती.

रमेशने पेपरात द्यायला चार ओळी लिहिल्या. जन्म कुठला, नोकरी कुठे, मागे कोण कोण. मला वाचून दाखवल्या. मी म्हटलं, बरोबर आहे, दे. तुझा मुलगा नीट लिहितो, पण त्यात तू कुठे नव्हतास. माझी शाळा चौथीपर्यंत, मला तसं लिहिता येत नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे आणि तू घरात नाहीस, म्हणून लिहिते. निदान मध्ये मध्ये बोलणार तरी नाहीस.

धाकट्या भावाने मोठ्या बहिणीच्या आधी जायचं नसतं. टांडापेठेतल्या सगळ्या बाया येऊन मला हेच सांगून गेल्या, जसं काही मला ठाऊक नव्हतं. मी रडत नाही याचं काहींना वाईट वाटलं. मला रडायला येत नाही, बाकीही काही येत नाही. सकाळी चहाचं पाणी ठेवते, ते आटून भांडं करपतं आणि मी तिथेच उभी असते. परवा रविवारी दुपारी दार उघडं ठेवलं. तू सायकल भिंतीला आपटणार, पिशवी पायरीवर टाकणार आणि म्हणणार, घे वं आक्का, आज रोहू आहे. ऊन उतरलं तरी मी दार लावलं नाही. शेवटी कुसुमने येऊन लावलं. तुझी बायको शहाणी आहे.

मला सगळं नीट आठवून बघायचं आहे. मुठीपासून सुरुवात करते, कारण तूच तिथून सुरुवात केलीस.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला तू अंगणात बसून म्हणालास, "आक्का, या गरीची मूठ काही जमून नाही राहिली वं. हातातून सरकते."

मी मागासाठी सुताच्या कांड्या भरत होते. रहाट न थांबवता म्हटलं, बांबूला कुठे मूठ असते, जिथे धरशील तिथे मूठ. तू म्हणालास, तेच तर, जिथे धरतो तिथून सरकते. मला वाटलं, बरं, बांबू गुळगुळीत झाला असेल. इतकी वर्षं तू तोच बांबू धरत होतास. तेव्हा तो सरकला नव्हता. हे त्या दिवशी ना तुझ्या तोंडून निघालं, ना माझ्या डोक्यात आलं.

मूठ करायचं मी अंगावर घेतलं. दोऱ्याचं काम, ते माझं. मी कापसाचं जाड सूत घेतलं आणि कांडी भरावी तसं बांबूच्या बुडावर गुंडाळलं, एकाला एक लागून, कुठे फट नाही. मग आपल्या घरात सुताचं जे करतात ते केलं. खळ लावली. तांदळाची पातळ पेज करून ब्रशने फिरवली आणि उन्हात वाळवली. मूठ अशी कडक आणि देखणी झाली की तू ती नाकाशी नेऊन वास घेतलास. बाबा गल्लीत ताण्याचे उभे धागे पसरून त्यांना खळ पाजायचे, तसाच वास येतो म्हणालास.

खळ उन्हातल्या सुतासाठी असते, तलावातल्या सुतासाठी नाही, एवढी अक्कल दोन जन्मजात विणकरांना नव्हती. अंबाझरी तलावावर तू ओल्या हाताने ती धरलीस आणि तासाभरात तिची लापशी झाली. हाताला चिकटली, मनगटावरून ओघळली, पाण्यात थेंब थेंब पडली. आणि त्या पेजेवर मासे जमले. जब्बारभाई तुझ्या शेजारी बसणारा, सदर भागातल्या दुकानात शिवणकाम करणारा माणूस, तो हसून हसून आडवा झाला. "वामनभाऊ, चारा फेंक दो, आपका तो हत्था ही काफी है." त्या दिवशी तू पिशवी भरून आणलीस. आल्या आल्या ओरडलास, आक्का, पुढल्या रविवारी थोडं मीठ टाक खळीत. गल्लीतल्या सगळ्यांना तू ही गोष्ट सांगितलीस. मला राग आला होता. आता नाही.

मग सायकलच्या ट्यूबचे पट्टे केले. रबर धरायला पक्कं, पण उन्हात तापायचं आणि तळवा काळा व्हायचा. कुसुम म्हणाली, यांच्या शर्टाला रोज काळे हात लागतात. ते काढलं. तेव्हाही तू म्हणालास, सरकते.

तेव्हा मी म्हटलं, अंदाजाने काम होणार नाही, हाताचं माप पाहिजे. तू गळाला लावायला कणीक मळत होतास. त्यातलाच मोठा गोळा घेऊन मी तुझ्या हातात दिला आणि म्हटलं, दाब, काठी धरतो तसा दाब. तू दाबलास. गोळा हातात घेऊन मी उजेडात पाहिला. अंगठ्याची खूण खोल, पहिल्या दोन बोटांची बरी, आणि शेवटच्या दोन बोटांची नुसती पुसटशी रेघ.

मी म्हटलं, "जोर लाव ना गा. पोरीवानी काय दाबतोस?"

"लावला तं. काल कारखान्यात पेट्या उचलल्या, हात भरून आला."

दुसऱ्यांदा दाबलास. तशीच खूण आली. मी म्हटलं, बरं, तुझी धरायची रीतच तशी असेल. विणकराची नजर आहे माझी, ताण्यात एक धागा सैल असला तरी मला दुरून दिसतो. तो गोळा मी हातात फिरवून फिरवून पाहिला, त्यावर बारीक काडीने खुणा केल्या, आणि मला फक्त मूठ दिसली.

त्यानंतर तू बाबांचा धोटा मागितलास. त्यावरून आपलं भांडण झालं ते साऱ्या गल्लीने ऐकलं. बाबा हाताने धोटा फेकायचे, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि त्यांच्या तळव्याने ते लाकूड असं घासलं गेलं होतं की त्याला तेल लावायची गरज नव्हती. नावेसारखा आकार, पोटात कांडीची पोकळी, दोन्ही टोकं निमुळती. लहानपणी तू तो पळवायचास आणि नालीत नाव म्हणून सोडायचास. बाबा गेल्यावर तो माझ्याकडे राहिला, कारण माग माझ्याकडे राहिला.

मी म्हटलं, बाबाचा धोटा माशाच्या वासात घालू?

"तं बाबा काय अत्तर लावून विणत होते काय? कांद्याचा हात, विडीचा हात, त्यावरच लुगडी विणली ना त्यांनी."

"तुले कारखान्यात जायची घाई झाली तेव्हा धोटा आठवला नाही. आता मासे धरायला आठवला."

हे मी म्हणायला नको होतं असं लोक म्हणतील. मला नाही तसं वाटत. आपण दोघं असंच बोलत आलो. तू माग सोडून हिंगण्याची कंपनीची बस धरलीस तेव्हा मी महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते, आणि तरी तुझा पहिला डबा मीच भरून दिला होता. त्या दिवशीही तू चिडून गेलास आणि मी धोटा फडक्यात गुंडाळून पाठोपाठ तुझ्या घरी नेऊन दिला. तू तो दोन्ही हातांनी घेतलास. दोन्ही हातांनी का घेतलास, तेही मी आता विचार करते.

ती मूठ चांगली झाली. मी स्वतःच्या कामाला उगीच चांगलं म्हणत नाही, तुला माहीत आहे. बांबूचं बूड तासून धोट्याच्या पोकळीत बसवलं, वरून मेण चोळलेला दोरा आवळला. खळ नाही, मेण. एकदा शिकलो ते शिकलो. मग कणकेच्या गोळ्यावरच्या खुणा समोर ठेवून, जिथे तुझी शेवटची दोन बोटं पोचत नव्हती तिथे मी दोऱ्याचा थर भरला, म्हणजे लाकूड बोटांपर्यंत येईल. बोटं लाकडापर्यंत जात नव्हती ना. भरून झाल्यावर तू ती धरलीस आणि डोळे मिटलेस. म्हणालास, बाबाचा हात धरल्यावानी वाटते. मी म्हटलं, नाटकं नको करू, मासे आण.

रविवारी तू रिकामा आलास. पिशवी रिकामी, चेहरा रिकामा. पायरीवर बसलास आणि हळूच म्हणालास, सरकली आक्का.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "धोट्यात खोट नाही गा. खोट तुझ्या हातात आहे. बाबाच्या हातून हा धोटा जन्मात पडला नाही."

वामन, साऱ्या आयुष्यात तू माझ्या एका बोलण्याला उत्तर दिलं नाहीस, ते हे. मी वाट पाहत होते की आता काहीतरी खवट म्हणशील. तू तळहात उलटा करून पाहिलास, परत सुलटा केलास. मग म्हणालास,

"तं मग एक दोरी लावून दे मनगटाले. मोठा मासा आला तं तो गरी घेऊन जाईन."

"अंबाझरीत काय मगर आहे?"

"कोण जाणे. असन."

आणि हसलास. मी दोरी लावून दिली. चांगली, पिळाची, कोष्ट्याच्या गाठीची. गाठ मारताना तुझं मनगट माझ्या हातात होतं. थंड होतं. मी म्हटलं, स्वेटर घालत जा.

पुढच्या रविवारी तू ती दोरी घालून बसलास. जब्बारभाईने मला दवाखान्याच्या पायरीवर सांगितलं, टोपी हातात चुरगाळत सांगितलं, "आपा, मैंने समझा आँख लग गई. गरी हाथ में थी ना. सोचा, मछली आएगी तो खुद ही जागेंगे." गरी हातात नव्हती. गरी दोरीवर लटकत होती. खाली पडली असती तर त्याने तेव्हाच पाहिलं असतं. त्या माणसाला मी काही बोलले नाही. त्यानेच तुला उचलून रिक्षात घातलं, सारा रस्ता तुझं डोकं मांडीवर घेऊन बसला. दोरीबद्दल हे मी कुसुमला सांगितलं नाही, रमेशला सांगितलं नाही. इथे लिहिलं. आता पुढे.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, लकवा आहे, मेंदूत मोठा झटका. मग विचारलं, याआधी हात बधिर होणं, हातातून वस्तू पडणं, असं काही होत होतं का? कुसुमने मान हलवली, नाही. रमेश म्हणाला, नाही साहेब, रोज कामावर जात होते. मी तिथे काठी घेऊन उभी होते. मी म्हटलं, हातातून गरी सरकत होती, पण ते हातामुळे नाही. मूठ वाईट होती.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग मुठीकडे बघितलं. आणि आत गेले.

ते बघणं मला समजायला दोन दिवस लागले. माणूस मोठा धक्का खातो तेव्हा त्याचं डोकं एकदम थांबत नाही, मागाची दोरी तुटली तरी पायाखालची पावडी हलत राहते तसं हलत राहतं. घाटावर रमेश म्हणाला, आत्या, बाबांची गरी त्यांच्यासोबत ठेवू, त्यांना आवडायची. मी म्हटलं, नाही. त्यात काम बाकी आहे. लोकांना वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट झाली. पण मला खरंच तेच वाटत होतं. तू सरकते म्हणाला होतास आणि मी ती अजून दुरुस्त केली नव्हती.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. आमचे हे वारले तेव्हा, म्हणजे तुझे भाऊजी, घरात दिवसभर बाया बसून राहायच्या आणि मला श्वास घेता येईना. तू आलास, सायकलवर मागे बसवून अंबाझरीवर नेलंस आणि एका दगडावर बसवलंस. गळाच्या दोरीला बांधलेलं मोरपिसाचं देठ पाण्यावर टाकलंस आणि म्हणालास, हे बुडलं तं मले सांग. मी दिवसभर त्या देठाकडे पाहिलं. ते एकदाही बुडलं नाही. घरी आल्यावर मी जेवले. नंतर जब्बारभाईने सांगितलं, त्या दिवशी तू गळाला काही लावलंच नव्हतं. तेव्हा मी तुला काही म्हटलं नाही. बरं केलंस वामन. फार बरं केलंस.

राख सावडून आल्यावर सगळे पांगले. मी अंगणात बसून गरी मांडीवर घेतली, कुठे सरकते ते बघावं म्हणून. दोरा पाहिला, पक्का. मेण पाहिलं, पक्कं. मग मी ती तुझ्यासारखी उजव्या हातात धरली. अंगठा बसला, दोन बोटं बसली. शेवटच्या दोन बोटांखाली माझ्या हाताला उंचवटा लागला, दोऱ्याचा. मीच भरलेला. माझ्या बोटांना तो टोचत होता, कारण माझी बोटं तिथपर्यंत पोचतात. सगळ्यांचीच पोचतात. तिथे तुझी बोटं नव्हती, वामन. मी त्यांच्या जागी सूत भरलं होतं.

मी कुसुमला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. मी म्हटलं, "हे टोक धर अन् ओढ."

"आक्का, काहून?"

"ओढ म्हटलं ना."

तिने ओढलं. आधी घाबरत, मग जरा जोराने. मी हात पाण्यात बुडवले, पुन्हा धरली. तिने ओढलं. मी हाताला गोडं तेल लावलं. माझी बोटं आखडलेली, वय झालेलं, तरी धोटा तळव्यात जो बसला तो बसला. बाबांचा हात धरल्यासारखं वाटतं म्हणाला होतास. खरं होतं.

"सुटत नाही वं आक्का," कुसुम म्हणाली. मग काठी तशीच हातात धरून ती खाली बसली. मला वाटलं दमली. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "दिवाळीपासून त्यांच्या शर्टाच्या बटना मी लावून देत होती. म्हणत, बस सुटन, तू लाव लवकर. मले वाटे, लाडात येऊन राहिले."

तिला तू बस सुटते म्हणून सांगितलंस. मला मूठ सरकते म्हणून सांगितलंस. तूच एकदा सांगितलं होतंस, हिंगण्याला कुणाचा हात ढिला पडायला लागला की त्याला मशीनवरून काढतात, झाडू देतात नाहीतर घरी पाठवतात. म्हणून गप्प होतास का? की तुला स्वतःलाच कळत नव्हतं, आणि खरंच मूठ वाईट आहे असं वाटत होतं? की रविवारी रविवारी येऊन तू मला तेच सांगत होतास, जेवढं तुला सांगता येत होतं तेवढं, आणि मी रहाट फिरवत होते? आणि ती दोरी. मगरीसाठी कुणी दोरी मागतं का? याचं उत्तर कुणाकडे नाही. सगळ्या जन्मात मध्ये मध्ये बोललास आणि इथे बोलला नाहीस.

मी कुसुमला म्हटलं, ऊठ. अजून ओढ.

"आक्का, राहू द्या आता."

"ऊठ म्हटलं."

ती उठली. तिने पदर खोचला, काठी दोन्ही हातांत घेतली, पाय रोवले. मला ती मूठ सरकायला हवी होती. एकदा, नखभर सरकली असती तर खोट लाकडात निघाली असती, मेणात निघाली असती, माझ्या दोऱ्यात निघाली असती. मी उद्या बसून पुन्हा बांधली असती. मी तळव्यावर अजून तेल ओतलं. कुसुम रडत होती आणि सारं अंग मागे टाकून ओढत होती.

नाही सरकली.